राळ

पहिल्यांदा मेन रोडला विचारलं.
बेंजो, ताशे, मंडळाचे ढोल यांच्या मागे
चार व्हायोलिन टांगलेली, प्लास्टिकसकट,
लग्नसराईत शेरवान्या टांगतात तशी.
"मुलीसाठी का, काका?"
"नाही, मला."
पोराने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं.
"वाजवून दाखवता?"
"वाजवणारा बुधवारी येतो."
मी गुरुवारी गेलो होतो.

मग मोबाईलवर, सेकंड शिफ्टच्या चहाला.
साडेचार हजार, पेटीसकट, दहा दिवसांत परत.
खाली कुणीतरी लिहिलेलं, रंग छान आहे.
रंगाचं मी काय करू?
तेवीस वर्षं सातपूरला बेअरिंगं कानाने तपासतोय,
स्क्रूड्रायव्हरचं टोक हाऊसिंगला, मूठ कानाला,
आत एक छर्रा दुखत असला तरी कळतो.
फोटोला कान कुठे लावायचा?

पाळीतला दंडगव्हाळ म्हणाला, मिरजेला जा.
तिथे सतारी, तंबोरे,
भोपळे वाळत घातलेले ओळीने.
"अरे, पण मला व्हायोलिन पाहिजे."
"मग मिरजेला जाऊन विचार, कुठे जाऊ म्हणून."

शरणपूरचा पत्ता गॅसवाल्याने दिला.
सुवार्ता त्रिभुवन, निवृत्त नर्स, जिना चढून डावीकडे.
व्हायोलिन भावाचं. तो नाताळात वाजवायचा,
एरवी पोस्टात शिक्के मारायचा.
बाईंनी आधी माझी नखं पाहिली.
"ग्रीस निघत नाही हो."
"राहू दे. पण कापत जा."

मग पेटी उघडून स्वतःच म्हणाल्या,
"घेऊ नका. आत काहीतरी सुटलंय."
मी उचललं, कानाशी नेऊन हलवलं.
पोटात एक काडी गडगडली,
करंगळीपेक्षा बारीक, कोरडी.
आणि कसं सांगू,
महिनाभराच्या या हिंडण्यात
पहिल्यांदाच मला काहीतरी ऐकू आलं.

खालच्या सायकलवाल्याकडून स्पोक आणला,
दोन्ही टोकं वाकवली, तारा सैल केल्या.
बाईंनी कपाटातून घसा बघायचा आरसा काढला,
आधी उकळत्या पाण्यातून काढला, सवयीने.
एका फटीतून आरसा, दुसरीतून स्पोक,
त्या टॉर्च धरून, "डावीकडे. अजून जरा. श्वास सोडा."
काडी उभी राहिली, पडली.
उभी राहिली, पडली.
तिथे गोंद नसतो, खिळा नसतो.
वरची फळी दाबते, खालची झेलते,
मधल्या जागेत मावते म्हणून ती उभी.
आम्ही याला फिट म्हणतो. सैल नाही, ठोकूनही नाही.
किती वेळाने कोण जाणे, राहिली.
तारा पिळल्या, तरी राहिली.

गज ओढला तर आवाज
आमच्या कंपनीच्या गेटच्या बिजागरीचा.
बाई ओट्याकडे तोंड करून उभ्या.
दूध उतू गेलं तरी हलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "याच्यापेक्षा वाईट वाजवायचा तो.
सुरुवातीला."

मी तीन हजार म्हणालो, त्या दोन.
अशी उलटी घासाघीस मी आयुष्यात केली नव्हती.
अडीचला मिटलं.
निघताना माझा नंबर लिहून घेतला कॅलेंडरवर,
"काडी पडली तर या. आरसा इथेच आहे."

सिटीलिंकमध्ये पेटी मांडीवर.
शेजारच्याने विचारलं, "शिलाई मशीन?"
मी मान डोलावली, कशाला वाढवा.

रात्री दोन ओढीत जुनी राळ संपली.
पुढे गज नुसता घसरत राहिला तारांवरून,
मुका, ओल्या फरशीवरच्या चपलेसारखा.

सकाळी पुन्हा मेन रोड.
बुधवार निघाला. वाजवणारा आलेला,
खुर्चीत रेलून मोबाईल बघत होता.
"काका! घेतलं का? कुठून घेतलं शेवटी?"
पोराचे डोळे माझ्या कापलेल्या नखांवर.

मी म्हणालो, "राळ आहे का रे, राळ?"